बसून की उभ्याने

एका कंपनीकडे देणगी मागण्याच्या अर्जातला सातवा प्रश्न असा होता : ‘मागील आर्थिक वर्षात आपल्या कामामुळे किती महिलांचे सक्षमीकरण झाले? फक्त संख्या लिहावी.’ २०२१ च्या पावसाळ्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी, एका खोलीच्या कार्यालयात मी या प्रश्नापुढे दोन दिवस अडून बसले होते. विधवा, नवऱ्याने टाकलेल्या, घटस्फोटित आणि लग्न न झालेल्या बायकांची आमची संघटना. सभासद सुमारे अकराशे, वर्गणी वर्षाला पन्नास रुपये, आणि तीही सगळ्यांकडून एकदम येत नाही. यांतल्या सक्षम झालेल्या बायका मोजायच्या कशा? सातबाऱ्यावर जिचे नाव लागले पण दिराने जिचा बांध कोरला, तिला धरायचे की सोडायचे? शेवटी मी ३१२ लिहिले. तो आकडा त्या वर्षी आम्ही तहसीलमध्ये दाखल केलेल्या निराधार अनुदानाच्या अर्जांचा होता. त्यांपैकी मंजूर किती झाले, हे त्या रकान्यात कोणी विचारलेच नव्हते.

संघटना २०११ पासून होती, पण कागदावर आली ती २०१६ मध्ये. महाराष्ट्रात नोंदणी करायची म्हणजे १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा अशा दोहोंखाली करावी लागते. घटना, नियमावली, विश्वस्तांची यादी, दरवर्षीचे हिशेबपत्रक, आणि विश्वस्त बदलला की बदल अर्ज. त्या वेळी आमच्यातल्या चार-पाच जणींनी नोंदणीला ठाम विरोध केला होता. ‘संघटना आपली असती, संस्था कुणाची तरी असती,’ असे एका मावशींचे म्हणणे होते. आमच्या भागात हा भेद लहान मुलालाही कळतो. संघटना मोर्चा काढते, संस्था वाटप करते. तरीही आम्ही नोंदणी केली, कारण बँकेत खाते उघडल्याशिवाय एक रुपयाही सरळ मार्गाने घेता येत नव्हता आणि तोवर संघटनेची शिल्लक माझ्या कपाटात, साडीच्या घडीत राहत असे.

वाटपाची ही कल्पना आमच्याकडे कुठून आली, हे मी स्वतः पाहिले आहे. माझे माहेर लोहारा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गाव निजलेले असताना भूकंप झाला, तेव्हा मी अकरा वर्षांची होते. पुढचे वर्षभर रस्त्यावर ट्रक उभे असायचे आणि त्यांतून घोंगड्या, भांडी, पत्रे उतरायचे. देणारी माणसे चांगलीच होती. पण देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये यादी असते, आणि यादीत नाव घरच्या पुरुषाचे असते, हे मी तेव्हाच शिकले. माझ्या विधवा आत्याचे नाव तिच्या थोरल्या दिराच्या नावाखाली ‘व्यक्ती : एक’ म्हणून लागले होते. त्याच भूकंपानंतर घरदुरुस्तीच्या कामात गावोगावची महिला मंडळे सरकार आणि गावकरी यांच्यामधला दुवा म्हणून उभी राहिली, आणि स्वयं शिक्षण प्रयोगासारख्या संस्थेचे मूळ त्याच कामात आहे, ही दुसरी बाजूही खरी. पण गावाच्या आठवणीत ट्रक राहिला.

नोंदणीनंतरची पहिली चार वर्षे पुण्यातली एक मोठी संस्था, रीतसर परवानगी काढून, तिला मिळालेल्या विदेशी देणगीतले दोन लाख ऐंशी हजार रुपये दरवर्षी आम्हांला देत असे. तेवढ्यात दोन कार्यकर्त्यांचे मानधन, खोलीचे भाडे आणि आठ मार्चचा मेळावा भागायचा. सप्टेंबर २०२० मध्ये, टाळेबंदीतून आम्ही अजून नीट उठलोही नव्हतो तेव्हा, विदेशी देणगी नियमन कायद्यात दुरुस्ती झाली. एका संस्थेने घेतलेली विदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देण्यास पूर्ण बंदी आली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. आणि अशी देणगी उतरवायची तर ती फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यावरच, असे ठरले. पुण्याच्या ताईंचा फोन आला तेव्हा त्या माझ्याहून जास्त अवघडल्या होत्या. ‘तुम्ही स्वतःच विदेशी देणगीसाठी नोंदणी करून घ्या,’ असे त्यांनी सुचवले. आमच्या सीए साहेबांनी हिशेब मांडला. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षांची हवी आणि त्या तीन वर्षांत उद्दिष्टांवर १५ लाख रुपये खर्च झालेला हवा. आमचा तीन वर्षांचा खर्च आठ लाख चाळीस हजार. म्हणजे आधी पैसे असतील तरच पैसे मागण्याची परवानगी. मग साहेबांनी चष्मा काढून विचारले, ‘रास्ता रोको केलाय का कधी?’ केला होता, २०१८ च्या दुष्काळात. त्या कायद्याखालच्या २०११ च्या नियमांत बंद, हरताळ, रास्ता रोको, रेल रोको, जेल भरो अशी यादीच होती आणि हे मार्ग नेहमी वापरणारी संघटना राजकीय स्वरूपाची ठरवून तिला विदेशी देणगी नाकारण्याची सोय होती. ज्या संघटनांचा सक्रिय किंवा पक्षीय राजकारणाशी संबंध नाही त्यांना हे लावता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले, हे मला पुढे कळले. त्या दिवशी मात्र मी घाबरून फोटोंचा अल्बम घरी नेला.

राहिला मार्ग कंपन्यांचा. कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमानुसार २०१४ पासून ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात, आणि कोणत्या कामावर, त्याच्या सातव्या परिशिष्टातल्या यादीत स्त्री-पुरुष समानता आणि स्त्रियांचे सबलीकरण हे शब्द छापलेले आहेत. मला फार आशा वाटली. आयकर सवलतीचे १२ए आणि ८०जी हे दाखले आमच्याकडे नव्हते, ते २०२१ मध्ये काढले. तेव्हाच्या नव्या पद्धतीने ते आधी तीन वर्षांसाठी तात्पुरते मिळत. त्यानंतर सीएसआर-१ हा फॉर्म भरून कंपनी खात्याकडून क्रमांक घेतला, कारण १ एप्रिल २०२१ पासून त्या क्रमांकाशिवाय कंपनी कोणाला हे पैसे देऊ शकत नाही. या सगळ्यात सीएची फी, डिजिटल सही आणि माझ्या फेऱ्या धरून संघटनेची त्या वर्षीची निम्मी वर्गणी गेली. सातवा प्रश्न ज्या अर्जात होता, तो याच मार्गावरचा.

कंपनीचे अधिकारी भेटायला आले. माणूस सभ्य होता, चहा घेतला, सगळे ऐकून घेतले. वारसनोंद, फेरफार, पोटगी, कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारी, ऊसतोडीहून आलेल्या बायकांची मुकादमाकडची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम. मग ते म्हणाले, ‘ताई, काम चांगले आहे, पण याचा फोटो कशाचा काढायचा?’ हा प्रश्न त्यांनी चेष्टेने विचारला नव्हता. त्यांच्या वरिष्ठांना अहवालात काहीतरी दाखवावे लागते. बाई तहसीलच्या व्हरांड्यात चार तास बसली आहे, याचा फोटो अहवालात बसत नाही. त्यांनी चाळीस शिलाई मशीन देऊ केली, प्रत्येकीवर कंपनीचे नाव, आणि सोबत एक हमीपत्र : प्रकल्पकाळात संस्था कोणत्याही आंदोलनात्मक कार्यक्रमात भाग घेणार नाही.

हमीपत्र आम्ही सही न करता परत पाठवले, आणि त्याबरोबर मशीनही गेली. हा प्रसंग मी बाहेर सांगते तेव्हा लोकांना त्यात बाणेदारपणा दिसतो, म्हणून पुढचेही सांगितले पाहिजे. त्या आठवड्यात एक सभासद कार्यालयात आली आणि दारातूनच म्हणाली, ‘ताई, तुम्हाला मोर्चा पाहिजे होता, मला मशीन पाहिजे होती. इचारलं का मला?’ कार्यकारिणीत अकरा जणी होत्या, निर्णय एकमताने झाला होता, पण त्या अकरा जणींत शिवणकाम येणारी एकही नव्हती. तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते.

देणगी आणि नाव यांचे नाते आपल्याकडे काही आजचे नाही. महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव लागले. पण मुलींनी काय शिकायचे ते नावाच्या पाटीने ठरवले नाही. कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेचा भाऊबीज निधी तर त्याहून हुशार युक्ती : बहिणींच्या शिक्षणासाठी दारोदारच्या भावांकडून ओवाळणी मागायची. आमच्या कामात मात्र नेमकी ही युक्ती चालत नाही. आमच्या बायका भावाकडे मागतात तो जमिनीतला हिस्सा. महाराष्ट्रात हिंदू वारसा कायद्यात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांबरोबरीचा हक्क १९९४ मध्येच आला, देशभर २००५ मध्ये. तरीही बहीण हक्कसोडपत्रावर सही करते, ती माहेर उघडे राहावे म्हणून. जी सही करत नाही तिची भाऊबीज बंद होते. भाऊ दुखावेल असे काम करणाऱ्या संघटनेला गावातला कोणता भाऊ देणगी देणार? आमच्यासारख्या कामाला स्थानिक देणगीदार का मिळत नाही, असे बाहेरचे पाहुणे नेहमी विचारतात, त्यांना मी हेच सांगते. गणपतीला, सप्त्याला, शाळेच्या खोलीला आमच्याकडे भरपूर वर्गणी जमते. माणसे कंजूष नाहीत.

पाहुणे २०१९ नंतर वाढले होते. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढल्याचे समोर आले आणि वर्ष-दीड वर्ष गाड्या येत राहिल्या. तपासणी शिबिरे झाली, सॅनिटरी पॅड वाटले गेले. शिबिरे नकोत असे मी म्हणणार नाही. पण बायका काय म्हणत होत्या, तर एक दिवस कामावर नाही गेले की मुकादम खाडा, म्हणजे दंड, लावतो तो बंद करा, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, त्याची उचल नवऱ्याच्या हातात जाते ती निम्मी आमच्या हातात द्या. या मागणीला पैसा देणारे त्या गाड्यांतून कोणी उतरले नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये अंबाजोगाईच्या एका मैत्रिणीने, जी शैलाताई लोहियांच्या ‘मनस्विनी’ या महिला प्रकल्पाच्या कामात घडलेली आहे, एका स्त्री-निधीची माहिती पाठवली. स्त्री-निधी म्हणजे बायकांनी बायकांच्या चळवळींसाठी उभा केलेला निधी. जगात असे निधी गेल्या चाळीसेक वर्षांत ठिकठिकाणी निघाले आहेत, अ‍ॅमस्टरडॅमचा मामा कॅश १९८३ चा, ग्लोबल फंड फॉर विमेन १९८७ चा. आम्हांला ज्यांनी पैसे दिले त्यांचे नाव मी इथे घेत नाही, कारण त्यांच्याकडे अर्जांचा आधीच ढीग आहे. त्यांचा तो पैसा देशातल्याच देणगीदारांकडून जमवलेला असल्याने विदेशी देणगीची अडचण येत नव्हती. पहिली गोष्ट ही, की अर्ज मराठीत चालेल, आणि लिहायचा नसेल तर बोलून रेकॉर्ड करून पाठवला तरी चालेल, असे त्यांनी कळवले. मी लिहिलाच. माझा लिहिण्यावर जास्त विश्वास आहे.

जानेवारीत झूमवर मुलाखत झाली. रेंजसाठी आम्ही चौघी मारुतीच्या देवळामागच्या टेकाडावर, एका फोनभोवती दाटीने बसलो होतो. माझी भाची इंग्रजीत सांगत होती. तिने ‘एकल महिला’ याचे ‘सिंगल’ असे केले आणि समोरच्या तरुण मॅडमनी सहजपणे विचारले, की या मुलींवर लग्नासाठी दबाव असतो का. आमच्यातल्या पासष्ट वर्षांच्या आक्कांना भाचीने हा प्रश्न मराठीत सांगितला, तेव्हा त्या इतक्या हसल्या की फोन हातातून पडला. मुलाखतीचा सूर तिथून बदलला. दुसऱ्या मॅडम मराठीच होत्या. पुढचे सगळे मराठीत झाले. त्यांनी विचारलेला प्रश्न माझ्या कायम लक्षात राहील : ‘तुमचे काम झाले, हे तुम्हांला स्वतःला कशावरून कळते?’

उत्तरासाठी आम्ही पंधरा दिवस मागून घेतले आणि तीन गावांत बैठका घेतल्या. मी तक्ता घेऊन गेले होते. त्यात किती नोंदी, किती दाखले, किती तक्रारी असे रकाने होते. दुसऱ्या गावात, एका तांड्यावर, उसाच्या वाढ्यांच्या भाऱ्याला टेकून बसलेल्या एका काकूंनी तो तक्ता उलटा धरून पाहिला, परत दिला आणि म्हणाल्या, ‘ह्यातलं काय बी नको. येवढंच लिव्ह, की आदी तलाठी बोलायचा तवा आम्ही उभ्या असायचो. आता बस म्हणायलाय.’ सगळ्या बायका एकदम बोलू लागल्या. ग्रामपंचायतीत कोण बसायला देते, बँकेत कोण देत नाही, ठाण्यात पहिल्यांदा खुर्ची मिळाली ती कुणाला, याचा हिशेब प्रत्येकीला तोंडपाठ होता. त्या रात्री मी वहीत रेघा मारून नवा रकाना आखला : कार्यालय, तारीख, काम, आणि ‘बसून की उभ्याने’. निधीकडे तोच पाठवला. माझी खात्री होती की हसतील. त्यांनी तो जसाच्या तसा ठेवला आणि पहिल्या वर्षाच्या अहवालात आकडा नको, वहीच्या पानांचे फोटो चालतील, असे कळवले. अखेर फोटो काढण्यासारखे काहीतरी आमच्याकडेही निघाले.

कागदांच्या बाबतीत मात्र कसलीही सवलत नव्हती, आणि ते योग्यच होते. आमच्या अध्यक्ष कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेल्या. त्यांच्या जागी नवे नाव घेण्याचा बदल अर्ज चौदा महिने प्रलंबित होता, तारखांवर तारखा पडत होत्या, आणि मंजूर आदेशाशिवाय निधीचे लेखापाल पुढे सरकत नव्हते. फेब्रुवारीत भेटीला आलेल्या मॅडमना मी आढेवेढे न घेता हे सांगितले. त्यांनी गाडी सोडून दिली आणि त्या दिवशी आमच्याबरोबर एसटीने फिरल्या. तहसीलमध्ये एका परित्यक्तेचा निराधारचा अर्ज तिसऱ्यांदा परत आला होता. वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला होता, रेशनकार्ड होते, नव्हता तो नवऱ्याने टाकल्याचा पुरावा. टाकणारा माणूस पावती देऊन टाकत नाही. मॅडम साडेतीन तास बाकावर बसून होत्या आणि त्यांनी एकदाही घड्याळ पाहिले नाही; आम्ही बायका अशा गोष्टी पाहून ठेवतो. परतताना त्यांनी सांगितले, की जगभरातल्या ७४० स्त्री संघटनांचे २०१० सालचे उत्पन्न तपासले होते, तेव्हा वर्षाचा मध्यांक २० हजार डॉलर निघाला होता. म्हणजे निम्म्या संघटना त्याहूनही कमीत चालत होत्या. आपण एकट्याच कफल्लक नाही, हे ऐकून बरे वाटले, आणि मग बरे वाटल्याचे जरा वाईटही वाटले.

एप्रिल २०२३ पासून तीन वर्षे, दरवर्षी सहा लाख रुपये मंजूर झाले. कशावर खर्च करायचे ते तुम्ही ठरवा, फक्त आधी अंदाजपत्रक द्या आणि बदल केला तर कळवा, एवढीच अट. अंदाजपत्रक आम्ही जानेवारीतच दिले होते : तीन कार्यकर्त्यांना महिना आठ हजार, खोलीचे भाडे दीड हजार, प्रवासाला वर्षाचे ९६ हजार, उरलेले वकील, झेरॉक्स, फोनचे रिचार्ज, बैठका, ऑडिट. प्रवासाचा आकडा पाहून सीए साहेब म्हणाले होते, एवढा कुठे असतो का. पण आमच्या कामात प्रवास हेच काम आहे. आणि मग १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले. वर्षअखेरीस प्रवासाच्या रकान्यात ३९ हजार रुपये शिल्लक. निधीच्या लेखापालांचे पत्र आले : नियोजित प्रवास का झाला नाही, याचा खुलासा करावा. प्रवास जास्तच झाला होता. मी तिकिटांच्या गठ्ठ्यासोबत दीड पानी खुलासा पाठवला, त्याबरोबर एक विनंतीही केली, आणि त्या ३९ हजारांतून दोन बायकांच्या जमिनीची सरकारी मोजणी झाली. दिराने कोरलेला बांध मोजणीच्या खुणा गाडल्या तेव्हा सव्वातीन हात मागे गेला. आधीच्या अर्जातल्या ३१२ च्या आकड्यात ती बाई मी धरली होती की नाही, आज सांगता येत नाही.

खर्चाच्या पावत्या हे एक वेगळेच प्रकरण होते. काळी-पिवळी जीपवाला पावती देत नाही, म्हणून व्हाउचर. व्हाउचरवर अंगठा असेल तर शेजारी साक्षीदाराची सही. मेळाव्याला चारशे बायका येतात आणि भाकरी-ठेचा घरून बांधून आणतात, त्यामुळे जेवणखर्च शून्य. तो शून्य पाहून लेखापाल बुचकळ्यात पडले. ‘लोकसहभाग’ म्हणून त्याची किंमत लावा, असे त्यांनी सुचवले. आठशे भाकऱ्या, दर काय लावायचा, यावर बैठकीत अर्धा तास गेला. शेवटी बायकांनीच किंमत लावायला नकार दिला.

ज्याची मला कल्पना नव्हती ती अडचण पगारातून आली. आधी जी बाई जिच्या कामाला जाई, ती तिचा एक दिवस खर्चून जाई. दुसऱ्या वेळी ती हिच्यासाठी येई. आठ हजार सुरू झाल्यावर चार महिन्यांत एका सभासदाने कार्यकर्तीला ऐकवले, ‘पगार घेतीस ना, मग तूच जाऊन ये की माझ्या कामाला.’ आमच्या सर्वांत जुन्या दोन स्वयंसेवक, ज्या दहा वर्षे स्वतःच्या खर्चाने फिरल्या, त्यांतल्या एकीने येणे बंद केले. मी तिच्या घरी गेले. ती रागावलेली नव्हती. तिने ज्वारी पाखडता पाखडता एवढेच विचारले, की तिघींनाच का आणि त्या तिघी कुणी निवडल्या. निवड मी केली होती, शिक्षण बघून, कारण अहवाल लिहिता आले पाहिजेत. अहवाल निधीला हवे होते आणि निवडीची झळ तिला बसली. पुढच्या वर्षी आम्ही मानधन तिघींऐवजी पाच जणींत, दिवसांच्या हिशेबाने वाटले. ती परत आली, पण पूर्वीसारखी नाही. आता वहीत स्वतःचे दिवस स्वतः मोजून लिहिते.

एवढे असूनही हा पैसा पुन्हा मिळाला तर मी घेईन. गेल्या तीन वर्षांत आम्ही एकही हमीपत्र दिले नाही, गेल्या हिवाळ्यात तहसीलसमोर दोन दिवस ठिय्या दिला आणि त्याचा मंडपखर्च अहवालात उघडपणे ‘ठिय्या आंदोलन, मंडप’ असाच लिहिला. त्यावर निधीकडून एकच विचारणा आली : जीएसटीचे बिल आहे का.

मुदत या मार्चअखेर संपते. निधीने दोन वर्षे वाढवून देण्यासाठी अर्ज मागवला आहे, रक्कम मात्र निम्मी, आणि उरलेली संघटनेने स्वतः उभी करावी अशी अपेक्षा. त्यासाठी वर्गणी पन्नासवरून शंभर करण्याचा ठराव फेब्रुवारीच्या बैठकीत आला. एकशेपाच जणी हजर होत्या. चौसष्ट बाजूने, एकेचाळीस विरुद्ध. ठराव मंजूर म्हणून लिहायला मी पेन उघडले, तेव्हा आक्का म्हणाल्या, की ऊसतोडीला गेलेल्या साडेतीनशे जणी अजून कारखान्यावरच्या कोपीत आहेत, आणि शंभर रुपये जड जाणार ते त्यांनाच. त्या पाडव्याच्या सुमारास परततात. निधीला मी तसे कळवले आहे, आणि ठरावाच्या वहीत त्या पानावर सध्या फक्त विषय लिहून ठेवला आहे.